'माले गनित येत नही' : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शाळा सुरू होऊन सहामाही जवळ आली की आमच्याकडे गणिताविषयीची पत्रे वाढतात. या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण इतर पत्रांतील अडचणींचे मूळही बहुतांशी तेथेच आहे.

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत आठवीला गणित शिकवते. वर्गातील निम्मी मुले फळ्यावरचे उदाहरण वहीत सुबक अक्षरात उतरवून घेतात, पण स्वतः सोडवायला सांगितले की पेन खाली ठेवतात. विचारले की एकच उत्तर मिळते : 'मॅडम, माले गनित येत नही.' मी बक्षिसे ठेवली, थोर गणितज्ञांच्या गोष्टी सांगितल्या, गणिताशिवाय पुढे कोणतीच वाट नाही हेही समजावले. दोन दिवस उत्साह राहतो आणि पुन्हा तेच होते. या मुलांमध्ये गोडी निर्माण करण्यासाठी आणखी काय करावे?

उत्तर : ताई, आपल्या मुलांमध्ये इच्छेचा अभाव आहे, असे मला वाटत नाही. तिसरी-चौथीपासून त्यांनी अनेकदा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी उत्तर चुकले, आणि का चुकले हे त्यांना कोणी सांगितले नाही. चार-पाच वर्षे असा अनुभव घेतलेल्या मुलाने पेन खाली ठेवणे हा त्याच्या दृष्टीने शहाणपणाचाच निर्णय असतो. म्हणून भाषणाने किंवा बक्षिसाने येणारा उत्साह दोन दिवसांत ओसरतो. तिसऱ्या दिवशी समोर तेच उदाहरण असते आणि ते तसेच अडते. आधी गोडी लागेल आणि मग गणित येईल, ही अपेक्षा आपण सोडून द्यावी. एखादी खरी, स्वतःच्या डोक्याने सोडवलेली गोष्ट हाती लागली की गोडी तिच्यामागून येते, हे मी वर्षानुवर्षे वर्गात पाहत आलो आहे.

तेव्हा पहिले काम म्हणजे प्रत्येक मुलाचे गणित नेमके कोठे तुटले ते शोधणे. त्यासाठी दोन तासिका द्याव्यात आणि गुण न देता तिसरी ते सहावीच्या पातळीची पाच-सहा उदाहरणे सोडवून घ्यावीत. ५०३ मधून २७८ वजा करायला सांगावे. ८१६ ला ४ ने भागायला सांगावे. ०.५ आणि ०.४५ यांतील मोठी संख्या कोणती ते विचारावे, एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज करायला द्यावी. नंतर उत्तरे तपासताना फुली मारून पुढे जाऊ नये, कारण चुकीच्या उत्तरातच आपल्याला हवी असलेली माहिती असते. ज्या मुलाचे वजाबाकीचे उत्तर ३७५ आले आहे, त्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. हातचा घेणे म्हणजे दशकाची किंवा शतकाची मोड करणे, हे त्याला कधी उमगलेच नाही. ८१६ भागिले ४ याचे उत्तर २४ लिहिणाऱ्या मुलीला भागाकार येतो, पण दशकस्थानी शून्य का लिहावे लागते हे तिला ठाऊक नाही. ०.४५ मोठे म्हणणारा मुलगा दशांशचिन्हापुढच्या ४५ ची तुलना ५ शी करतो आहे. बेरजेचे उत्तर दोन पंचमांश लिहिणाऱ्याने वरच्या संख्या वर आणि खालच्या खाली मिळवल्या आहेत. यांतील एकही मूल निष्काळजी नाही. प्रत्येकाने एक नियम मनाशी धरला आहे, तो चुकीचा आहे, आणि त्या नियमानुसार त्याने प्रामाणिकपणे काम केले आहे.

आपल्याला शंका येईल की आठवीचा अभ्यासक्रम सोडून तिसरीची वजाबाकी शिकवायला वेळ कोठून आणायचा. ही अडचण एकट्या आपल्या वर्गाची नाही. 'असर' या शैक्षणिक स्थितीच्या अहवालासाठी २०२३ मध्ये झालेल्या पाहणीत ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नव्हते. १९९५ साली मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रथम' संस्थेने इयत्तेऐवजी प्रत्यक्ष पातळीनुसार मुलांचे गट करून शिकवण्याची जी पद्धत विकसित केली, तिची तपासणी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या देशातील अनेक राज्यांत केली आणि तिचा लाभ दिसून आला. दोघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या स्वरूपाचे काम होते. रोजच्या तासिकेतील पहिली १५ मिनिटे आपण अशा गटांना दिलीत, तरी दिवाळीपर्यंत बराच फरक पडेल. शिवाय ते काम अभ्यासक्रमाबाहेरचे राहत नाही. आठवीच्या पहिल्याच प्रकरणात परिमेय संख्या आहेत आणि अपूर्णांकाशिवाय त्या कळणे शक्य नाही. पुढे सूट व कमिशन शिकवायचे तर शेकडेवारी हवी, आणि शेकडेवारीला पुन्हा अपूर्णांकच हवा.

वर्गात आणखी दोन-तीन गोष्टी करून पाहाव्यात. अडलेल्या मुलाला एकदम संपूर्ण उदाहरण देण्याऐवजी शेवटची एक पायरी सोडून बाकी सोडवलेले उदाहरण द्यावे आणि ती एकच पायरी त्याला पूर्ण करू द्यावी. मग दोन पायऱ्या सोडाव्यात, मग तीन. नवख्या विद्यार्थ्याला कोऱ्या पानापेक्षा सोडवलेली उदाहरणे अधिक शिकवतात, हे संशोधनातूनही पुढे आले आहे. प्रश्न विचारल्यावर थांबावे. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचे निरीक्षण केले तेव्हा शिक्षक उत्तराची वाट जेमतेम एक सेकंद पाहतात असे आढळले. तीन सेकंद थांबू लागताच मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होऊ लागली, आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. आणि 'हे तू कसे केलेस?' असे विचारल्यावर मूल अहिराणीत सांगू लागले तर त्याला अडवू नये. विचार घरच्या भाषेत चालू असताना त्यावर प्रमाण भाषेचे ओझे टाकले, की मूल दोन्हीकडून अडखळते. छेद, अंश, चल हे शब्द नंतर सावकाश येतात.

बक्षिसांबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ती बहुधा त्याच पाच मुलांकडे जातात आणि उरलेल्या मुलांना आपली जागा पुन्हा एकदा दाखवून देतात. कौतुक मात्र अवश्य करावे, पण ते कामाचे असावे. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. 'तू हुशार आहेस' असे ऐकलेल्या मुलांनी पुढे सोपे काम निवडण्याकडे कल दाखवला आणि एकदा अपयश आल्यावर त्यांची कामगिरी घसरली. मेहनतीचे कौतुक झालेली मुले अवघड कामाला सामोरी गेली. तथापि 'प्रयत्न केल्यास बुद्धी वाढते' असे नुसते सांगत राहिल्याने फार साधत नाही. मोठ्या पाहण्यांत अशा उपदेशाचा परिणाम लहानच आढळला आहे. 'या वेळी तू छेद समान करून घेतलास, म्हणून उत्तर बरोबर आले' हे एक वाक्य मुलाला काय जमले ते नेमके सांगते, आणि उद्या तेच पुन्हा करता येईल याची खात्रीही देते.

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी आहे. माझा मुलगा नववीत आहे. केळीची गाडी भरली की वजन, भाव, हमाली यांचा हिशेब तो तोंडी करतो आणि व्यापाऱ्याच्या कागदावरची चूकही दाखवून देतो. बीजगणितात मात्र त्याला ४० पैकी ९ गुण मिळाले. सर म्हणतात की त्याचे लक्ष नाही. शेतीत लक्ष आहे आणि पुस्तकात नाही, असे समजावे का?

उत्तर : दादा, असे समजू नये. आपल्या मुलासारखी मुले जगभर आहेत आणि त्यांचा अभ्यासही झाला आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळे विकणाऱ्या काही मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक गिऱ्हाईक म्हणून गेले तेव्हा मुलांनी सुमारे ९८ टक्के हिशेब बरोबर केले. त्याच आकडेमोडी कागदावर चिन्हांत मांडून दिल्या तेव्हा केवळ ३७ टक्के उत्तरे बरोबर आली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही हेच दिसले, आणि उलट बाजूही दिसली : पुस्तकी गणितात बरी असलेली शाळकरी मुले बाजारातील हिशेबात अडखळली. याचा अर्थ असा की एका ठिकाणचे गणित आपोआप दुसऱ्या ठिकाणी जात नाही, ते कोणीतरी हाताला धरून न्यावे लागते. आपल्या घरात ते काम आपणही करू शकता.

एक उदाहरण देतो. माल १८ क्विंटल ४० किलो आणि भाव क्विंटलला १,६५० रुपये असेल, तर मुलगा बहुधा आधी १८ क्विंटलचे २९,७०० रुपये काढेल, मग ४० किलोचे ६६० रुपये त्यात मिळवेल आणि ३०,३६० सांगेल. त्याला विचारावे की असे तुकडे करून गुणले तर चालते, हे तुला कोणी सांगितले? पुस्तकात याच गोष्टीला वितरणाचा गुणधर्म म्हणतात आणि कंस सोडवताना मुले हाच गुणधर्म घोकत बसतात. आता हिशेब उलटा फिरवावा. 'माल तेवढाच होता, हमालीचे ५०० रुपये कापून हातात २९,८६० आले, तर भाव काय लागला होता?' तो थोडा थांबेल, ५०० परत मिळवेल, ३०,३६० ला १८.४ ने भागेल आणि १,६५० म्हणेल. तो असे म्हणाला, की कागद घेऊन त्याच्या प्रत्येक शब्दासमोर चिन्ह लिहावे : भावासाठी क्ष, माल १८.४ म्हणून १८.४ क्ष, हमाली वजा ५००, आणि बरोबर २९,८६०. उजव्या बाजूला जाताना वजा ५०० चे अधिक ५०० का होतात हा त्याच्या वर्गातील मुलांना छळणारा प्रश्न त्याने नुकताच, कोणी न शिकवता, सोडवलेला असतो.

हे एका दिवसात होणार नाही. आठवड्यातून एक खरा हिशेब, आणि प्रत्येक वेळी आधी तोंडी, मग उलटा, मग चिन्हांत, असा क्रम ठेवावा. आपल्याला बीजगणित येत नसेल तरी अडत नाही. हिशेब आपण सांगावा आणि चिन्हे त्याने पुस्तक पाहून बसवावीत. त्याच्या सरांनाही हे पत्रक दाखवावे, कारण ज्या मुलाला व्यापाऱ्याच्या कागदातील चूक सापडते त्याचे लक्ष नाही, असे म्हणणे अन्यायाचे आहे. एक विनंती मात्र करतो : कापणीच्या दिवसांत हिशेबासाठी म्हणून त्याची शाळा बुडवू नये.

प्रश्न : आम्ही धुळ्यात राहतो. मुलगी सहावीत आहे. गणिताची चाचणी असली की सकाळपासून तिचे पोट दुखते. माझेही गणित कच्चे होते, म्हणून 'आपल्या घरात कोणालाच गणित येत नाही' असे मी तिला समजुतीने सांगते, म्हणजे तिला वाईट वाटू नये. तिचे वडील रोज रात्री जेवताना पाढे विचारतात. शिकवणीही लावली आहे. भीती जाण्यासाठी काय करावे?

उत्तर : आपण ते वाक्य मायेने म्हणता, हे मला समजते, पण ते आजपासून बंद करावे. मुलीला त्यातून धीर मिळत नाही. प्रयत्न करून उपयोग नाही, एवढेच तिला कळते. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली-दुसरीच्या ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची भीती होती, त्यांच्या वर्गातील मुली वर्षअखेर गणितात मागे पडलेल्या आढळल्या, आणि त्यांपैकी अनेकींनी गणित हे मुलग्यांचे काम अशी समजूत करून घेतली होती. २०१५ मधील दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की ज्या पालकांना गणिताची धास्ती आहे आणि जे तरीही वारंवार गृहपाठाला बसतात, त्यांची मुले वर्षभरात कमी शिकली. त्यावरून आपण मुलीजवळ बसूच नये असे ठरवू नका. बसण्याची रीत तेवढी बदला. आपण तिला शिकवण्याऐवजी तिने आपल्याला शिकवावे. 'मला हे कधी कळले नव्हते, तू कुठपर्यंत आलीस ते सांग' असे म्हणून तिचे ऐकावे, आणि ती अडली की तेथे पेन्सिलीने खूण करून ती खूण दुसऱ्या दिवशी शिक्षकांना दाखवायला सांगावी.

भीतीचे नुकसान दुहेरी आहे. उदाहरण सोडवताना आकडे मनात धरून ठेवायला जी जागा लागते, तीच जागा काळजी व्यापून टाकते, म्हणून येत असलेले उदाहरणही चाचणीत चुकते. जेवणाच्या ताटावर पाढे विचारणे म्हणजे रोज रात्री एक चाचणी घेणेच आहे. वडिलांना माझे सांगणे आहे की पाढे पाठ असणे उपयोगाचेच आहे, परंतु विसरलेला पाढा पुन्हा उभा करता येणे त्याहून उपयोगाचे आहे. सात आठे आठवत नसेल तर सात दाहे सत्तर, त्यातून सात दुणे चौदा गेले, उरले ५६, ही वाट तिला दाखवावी. एकदा ती वाट कळली की आठवण्याची धास्ती उरत नाही. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे जुने पाढे असतील. त्यांनी १२ ची दीडपट विचारावी आणि मुलीने १२ आणि त्याचे निम्मे ६ मिळवून १८ सांगावे. सहावीतल्या अपूर्णांकांची ही उत्तम तयारी आहे आणि तीत घड्याळ लावावे लागत नाही. शिकवणीविषयी एवढेच की शिकवणीतही वेगाने सोडवण्याच्या स्पर्धा चालत असतील तर निदान काही महिने ती थांबवावी.

प्रश्न : मी चाळीसगावजवळ दहावीला गणित शिकवतो. दरवर्षी मुलांना पाटणादेवीला नेतो आणि भास्कराचार्यांविषयी सांगतो. मुले भारावून जातात, पण त्याचा गणिताला काही उपयोग होत नाही. माझे काही चुकते का?

उत्तर : सहल चुकीची नाही, उलट खानदेशातील प्रत्येक गणित शिक्षकाने ती करावी. पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि त्याला दान मिळाले, ही माहिती त्यात आहे. शके ११२८ चा उल्लेखही आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या या डोंगरकुशीत मुले गणित शिकत बसलेली होती. मात्र अभिमानाने कोणाला समीकरण सुटत नाही. मुलांना त्या मठातील विद्यार्थ्यांपुढे असलेले उदाहरणच तेथे बसून सोडवू द्यावे.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या ग्रंथात मोर आणि सापाचे एक उदाहरण आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे, आणि २७ हात अंतरावरून साप बिळाकडे येतो आहे. मोर त्याच्यावर तिरका झेपावतो. दोघांनी सारखेच अंतर कापले तर मोर सापाला बिळापासून किती हातांवर पकडेल? आधी फक्त अंदाज करायला सांगावा आणि प्रत्येकाचा अंदाज लिहून घ्यावा. येथे गणितात कच्चे असलेले मूलही बोलते, कारण अंदाज चुकला असे कोणी म्हणत नाही. मग जमिनीवर आकृती काढावी. बिळापासूनचे अंतर क्ष मानले तर मोराची झेप २७ वजा क्ष होते आणि पायथागोरसच्या प्रमेयाने ८१ अधिक क्ष वर्ग बरोबर २७ वजा क्ष चा वर्ग असे समीकरण मिळते. दोन्हीकडचा क्ष वर्ग जातो, ५४ क्ष बरोबर ६४८ उरते आणि उत्तर १२ हात येते. ज्यांना समीकरण जमत नाही त्यांनी १०, ११, १२ असे एकेक अंतर धरून तपासावे. १२ ला झेप १५ आणि सापाची वाटही १५ जुळताना पाहिली, की समीकरणाने तेच काम एका दमात केले हे त्यांना दिसते. हे प्रमेय आणि वर्गविस्ताराचे सूत्र मुलांनी एरवी पाठ केलेलेच असते, परंतु दोन्हींची एकाच वेळी गरज पडलेली त्यांनी क्वचितच अनुभवलेली असते. परतल्यावर प्रत्येक गटाने खांबाची उंची बदलून स्वतःचे उदाहरण रचावे आणि दुसऱ्या गटाला द्यावे. उत्तर पूर्णांकात येईल अशा संख्या शोधताना मुले जेवढे गणित करतील, तेवढे स्वाध्यायात करत नाहीत.

प्रश्न : शहादा तालुक्यातील पालक. मुलगा आठवीत आहे, वाचन उत्तम, इतिहासात पहिला. पण अजून बोटांवर मोजतो, घड्याळ नीट सांगता येत नाही, सुट्टे पैसे मोजताना गोंधळतो. मारून पाहिले, समजावून पाहिले. हा आळस आहे का?

उत्तर : आळस नाही, आणि कृपया त्याला पुन्हा मारू नये. आपण सांगितलेली लक्षणे डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे संख्यांच्या आकलनाशी निगडित अध्ययन अक्षमतेची असू शकतात. बुद्धी चांगली असलेल्या मुलांमध्येही ती आढळते. ती आहे की नाही हे पत्रावरून किंवा शाळेतील गुणांवरून ठरत नाही, त्यासाठी तज्ज्ञांकडून तपासणी करावी लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि योग्य प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसह काही सवलती मिळतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन कोणत्या शासकीय रुग्णालयात तपासणी होते ते विचारावे. हे काम नववीत असतानाच पूर्ण करावे, कारण दहावीचा परीक्षा अर्ज भरताना प्रमाणपत्र हाती असावे लागते. तोपर्यंत घरी त्याला बोटे, मणी, नाणी, कागदावरच्या रेघा, जे लागेल ते वापरू द्यावे.